राधानगरीत बॉक्साइट, कासार्ड्यात सिलिका, शिरोलीत भट्ट्या... मग भट्टीची वीट बाहेरून का?

खडू_फळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी फाउंड्रीवाला नाही. शाळेत भूगोल शिकवतो. परवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत चुलतभावाच्या फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) गेलो होतो. दारात ट्रक लागलेला, हमाल पांढऱ्या भुकटीची पोती उतरवत होते. विचारलं तर म्हणाला, "रॅमिंग मास, भट्टीच्या लायनिंगला, म्हणजे आतल्या अस्तराला. राजस्थानातनं येतंय." कोपऱ्यात पिवळसर विटांचा ढीग. त्या वांकानेरच्या, म्हणजे गुजरात. एक उचलून बघितली, साडेतीन किलो तरी असेल.

आता मला सांगा. राधानगरीतल्या दुर्गमानवाडीचा बॉक्साइट आपल्या जिल्ह्यात. फोंडा घाट उतरलं की कासार्ड्याची सिलिका वाळू. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडे भट्ट्या. आणि भट्टीत लावायचा दगड हजारावर किलोमीटरवरून ट्रकनं येतो? माझ्या मते ही निव्वळ इच्छाशक्तीची कमतरता आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा

+१. आपल्याकडं भांडायला वेळ आहे, कारखाना काढायला नाही.

रस्सा_मंडळ

पांढरी भुकटी म्हटल्यावर मला वाटलं खोबऱ्याचं वाटण, पांढऱ्या रश्श्याचा धागा आहे. निराश होऊन परत चाललोय.

भट्टीवाला_आप्पा

सर, इच्छाशक्ती वगैरे जरा बाजूला ठेवा. एकतीस वर्षं भट्टीवर काढली, आधी कुपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी), नंतर इंडक्शन (विजेवरची). सविस्तर लिहितो.

इंडक्शन भट्टी म्हणजे तांब्याच्या नळीचं वेटोळं (कॉइल), त्या नळीतनं थंड पाणी फिरतंय. आत पंधराशे अंशाच्या आसपासचं पातळ लोखंड. अर्ध्या टनाच्या भट्टीत या दोघांच्या मधे काय असतं? तीन-सव्वातीन इंच जाडीची तुमची ती पांढरी भुकटी. बास. लोखंड पाण्याला भेटलं तर काय होतं ते शाळेत सांगू नका, पोरं घाबरतील.

ती भुकटी म्हणजे कुटलेली गारगोटी. सिलिका साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर लागते. त्यात एक टक्क्याच्या आसपास बोरिक अॅसिड. आधी तळ ठोकायचा, मग मधे पत्र्याचा फॉर्मर (पोकळ नळकांडं) उभा करायचा आणि भोवतीच्या फटीत चार-चार बोटं थर टाकत काट्यानं खुपसत जायचं. हवा बाहेर आली पाहिजे. मग व्हायब्रेटर. पाणी अजिबात नाही, सगळं कोरडं. नंतर तापवायचं ते तासाला शंभर अंश असं दमानं. पहिल्या हीटला (लोखंड वितळवायच्या फेरीला) फॉर्मरच वितळून लोखंडात जातो आणि वर सोळाशेपर्यंत नेऊन धरलं की लायनिंगचं तोंड भाजून दगड होतं.

आता गंमत. नवीन पोरांना वाटतं सगळी जाडी दगड झाली पाहिजे. उलट! लोखंडाला लागून असलेला थर कडक, मधला अर्धवट आणि कॉइलला लागून मागचा थर सैल भुकटीच राहिला पाहिजे. पुढच्या थराला तडा गेला तर लोखंड त्या तड्यातनं मागं येतं आणि भुकटीत थिजून थांबतं. मागंपण दगड झाला तर तडा आरपार कॉइलपर्यंत. म्हणून हे नुसतं "दगड तो दगड" नाही सर.

खडू_फळा

आप्पा, डोळे उघडले. पण प्रश्न तसाच राहतो. गारगोटी आपल्याकडे नाही का? आणि कासार्ड्याच्या वाळूला काय झालं?

भट्टीवाला_आप्पा

कासार्ड्याची वाळू आपल्याकडंच येते की, पण साच्याला, लायनिंगला नाही. वाळूचे दाणे सगळे साधारण एका मापाचे. लायनिंगला जाड, मध्यम, बारीक आणि पीठ असं सगळं मोजून लागतं. दिवाळीचा डबा भरताना आधी लाडू, लाडवांच्या फटीत चिवडा, चिवड्याच्या फटीत बारीक शेव, तसं. नुसते लाडू भरले तर निम्मा डबा हवा. त्या हवेतनं लोखंड वाट काढतं.

रसायनी

आप्पांनी सिलिकाचं सांगितलं, मी बॉक्साइटवर लिहिते. (पेशानं प्रयोगशाळेत, फाउंड्रीत नाही.)

खडू_फळा सर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच विषयात आहे. फायरक्ले, म्हणजे ज्या मातीची साधी भट्टीची वीट होते ती, जगभर बहुतेक ठिकाणी कोळशाच्या थरांच्या सोबतीनं सापडते. आपल्या देशात ती राणीगंज, झरियाच्या बाजूला. म्हणून वीट कारखाने तिकडे वाढले: राणीगंज, कुमारधुबी, नंतर १९५८ साली ओडिशात बेलपहार. माती तिथं, कोळसा तिथं, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पोलाद कारखाने, तेही तिथंच. जगात तयार होणाऱ्या रिफ्रॅक्टरीपैकी (भट्टीच्या विटा, अस्तरं असा उष्णता सोसणारा माल) साधारण सत्तर टक्के माल एकटं पोलाद खातं. आणि आपण बसलोय दख्खनच्या काळ्या पाषाणावर. बेसॉल्ट बाराशेच्या आसपास वितळतो, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस ओततात चौदाशेला. म्हणजे आपला पाषाण भट्टीत लावला तर लोखंड ओतायच्या आधी तोच वाहून जाईल.

दुर्गमानवाडीचा बॉक्साइट चांगला आहे, पण अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) काढायला, म्हणून तो बेळगावला जात आलाय. तिथल्या प्रक्रियेत कॉस्टिक सोडा अॅल्युमिना तेवढा विरघळवून घेतो आणि लोह लाल चिखलात मागं राहतं. विटेत तसं चालत नाही, जे आहे ते सगळं विटेतच राहतं. जांभ्याच्या सड्यावरचा बॉक्साइट म्हणजे लोह आणि टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) आलेच. ही दोन्ही उष्णतेत बाकीच्यांशी मिळून काचेसारखा चिकट रस तयार करतात आणि भार पडला की वीट दबते. वीट-दर्जाच्या बॉक्साइटमध्ये लोह दोन टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच लागतं. चीन आणि गयाना यासाठी प्रसिद्ध.

शिवाय आपला बॉक्साइट गिब्साइट जातीचा. शुद्ध गिब्साइट तापवलं की वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पाणी होऊन उडून जातो. सरळ वीट पाडून भाजली तर ती आकसून तडकेल. आधी भाजून "मेलेला" दगड करायचा, मग कुटायचा, मग वीट पाडायची, मग परत भाजायची. दोनदा जळण.

घाटमाथा

माझा +१ परत घेतो.

चाकावरची_माती

रसायनीताई, "भाजून कुटून परत भाजायची" हे वाचून हसू आलं. आम्ही कुंभार. माझे आजोबा मातीत घोड्याची लीद आणि राख मळायचे. मी लहानपणी नाक मुरडायचो. आजोबा म्हणायचे, "नुसती माती रागीट असते, तिला सोबत लागते." लीद आव्यात जळून जाते आणि मडक्याला बारीक भोकं राहतात. त्यातनं पाणी पाझरतं, माठ गार राहतो. मडकं तापताना तडकतही नाही.

मागं एका फाउंड्रीत गणपतीची ऑर्डर द्यायला गेलो तर तिथं अगदी हलकी वीट दिसली, बोटानं दाबली तर भुगा होईल अशी. म्हटलं ही कसली? तर म्हणे इन्सुलेशन वीट, मातीत लाकडाचा भुसा घालून भाजतात, भुसा जळून भोकं राहतात, उष्णता अडते. म्हटलं ही तर आमची लीद की!

रसायनी

अगदी तीच लीद, दादा. :) आणि "रागीट माती"ला सोबत म्हणून विटवाले जुन्या भाजलेल्या विटांचा चुरा घालतात, ग्रॉग म्हणतात त्याला. आजोबांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

गुऱ्हाळ_आणि_मी

अवांतर: आमच्या गुऱ्हाळाचं चुलवण कुठल्या वांकानेरच्या विटेनं बांधत नाहीत. शेताच्या कडेची माती, साधी वीट, वरनं चिखलाचा हात. चिपाड घालायचं आणि काहिलीत रस रटरटतोय. दरवर्षी पाडवा झाला की डागडुजी. स्वस्तात मस्त. एवढं दोनदा भाजून काय करायचंय?

साखरेचा_बॉयलर

गुऱ्हाळवाले भाऊ, चुलवण आणि कारखान्याचा बॉयलर यात फरक आहे. कारखान्यात बगॅस (उसाचं चिपाड) जळतं ते दिवसरात्र, चार-पाच महिने न थांबता. बगॅसच्या राखेत पोटॅश असतं. ते विटेच्या तोंडाला लागून काचेसारखी साय धरतं, आणि ती खरवडताना विटेचा टवका घेऊन येते. ऑफ सीझनला मी भट्टीत उतरतो तेव्हा काही ठिकाणी नऊ इंचाची भिंत पाच इंचावर आलेली असते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो ना, पूजा, नारळ, संचालक मंडळ, फोटो? त्यानंतर लगेच कारखाना सुरू होत नाही. लाकडं टाकून बरेच दिवस मंद जाळ ठेवतात. लोकांना वाटतं मुहूर्त साधला नुसता. खरं कारण म्हणजे नवीन बांधलेल्या विटांच्या सांध्यातलं पाणी हळूहळू बाहेर पडलं पाहिजे. एकदम जाळ घातला तर आत वाफ होऊन भिंत फुटते. पूर्वजांनी पूजा घातली का इंजिनिअरनं, देव जाणे, पण सोय चांगली झाली.

रस्सा_मंडळ

परत आलोय. धागा रश्श्यापेक्षा चांगला शिजलाय.

जुना_सांगलीकर

भट्टीच्या विटेचा इतिहास हा खरं तर पोलादाचा इतिहास आहे. १८२० च्या दशकात वेल्समधल्या डायनास नावाच्या खडकापासून सिलिकाची वीट झाली, थोडा चुना घालून. ती नसती तर पुढच्या उघड्या चुलीच्या पोलादभट्ट्यांचं छत टिकलंच नसतं. पण सिलिका आम्लधर्मी. खनिजात फॉस्फरस असेल तर तो काढायला चुना लागतो, आणि चुना सिलिकाच्या विटेला खातो. युरोपातलं कितीतरी लोहखनिज फॉस्फरसवालं, सगळे अडून बसलेले. उत्तर कुणी काढलं? लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनानं! सिडनी गिलख्रिस्ट थॉमस. संध्याकाळी रसायनशास्त्र शिकायचा. वेल्सच्या लोखंड कारखान्यात केमिस्ट असलेल्या पर्सी गिलख्रिस्ट या चुलतभावाला हाताशी धरून त्यानं डोलोमाइटचं (चुनखडीसारख्या दगडाचं) अस्तर वापरलं, आणि १८७९ पर्यंत मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखवलं. म्हणजे लोखंड तेच, भट्टी तीच, नुसतं अस्तर बदललं आणि सगळ्या युरोपचं पोलाद बदललं.

आपल्या भागातही याला जुना धागा आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना, प्रभाकर कंदीलवाला. काच वितळवायची म्हणजे तिला न खाणारी कुंडी आणि भट्टी हवीच. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा. कंदील सगळ्यांना आठवतो, काच ज्यात वितळली त्या कुंडीचं नाव कुणी घेत नाही.

खडू_फळा

सांगलीकर काका, कारकुनाची गोष्ट उद्या नववीच्या वर्गात सांगणार. चुलतभाऊ हाताशी धरण्याची परंपरा मीही चालवतोय.

उद्यम_नगरी

मला सगळ्यांशी असहमत व्हायचंय. थोडं.

विटेचं मान्य. पण रॅमिंग मास इथं होऊच शकत नाही असं नाही. मी केलंय, आणि हात पोळूनही घेतलेत. सहा वर्षांपूर्वी बाहेरून चांगली गारगोटी मागवली, दगड दुधासारखा पांढरा. सेकंडहँड जॉ क्रशर घेतला, चाळण्या बसवल्या, बोरिक अॅसिड मिसळलं, पोत्यावर झकास नाव छापलं. ओळखीच्या दोन फाउंड्र्यांनी घेतलं. पहिल्याच्या भट्टीत नेहमी दोनशेच्या पुढं हीट जायच्या, माझ्या मालावर सत्तरलाच लायनिंग खाल्लं. दुसऱ्यानं फोनच उचलला नाही.

दगड शुद्ध, मग घाण कुठली? क्रशरच्या जबड्याची! गारगोटी पोलादापेक्षा कडक, ती जबडा झिजवते, आणि झिजलेलं लोखंड थेट भुकटीत. भुकटी दिसायला पांढरीच. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर कागदावर चिमूट टाकून खालून लोहचुंबक फिरवला. काळ्या केसासारख्या रेघा उभ्या राहिल्या. मान खाली घातली मी.

आता चुंबकी सेपरेटर लावलाय, दोनदा फिरवतो. माल खपतो, पण राजस्थानच्या भावाशी बरोबरी होत नाही. खाणीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला दगडाचं भाडं पडत नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे ज्यांना उद्या सकाळी दहा पोती लागतात ती.

भट्टीवाला_आप्पा

उद्यम, लाजायचं काय त्यात. लोहचुंबकाचा खेळ मीपण करतो, प्रत्येक नव्या लॉटला. तू पोरगा प्रामाणिक दिसतोस, नमुना पाठव.

माझी चूक पण ऐका. पावसाळा, जुलै. रॅमिंग मासची पोती पत्र्याच्या शेडमधे, कडेला. पत्र्याला बारीक भोक. आपला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ आठ दिवस सूर्य नाही. वरनं पोती कोरडी, खालच्या दोन पोत्यांना ओल धरलेली. मी हात घालून बघितलं नाही, वरचं पोतं बघितलं आणि "घ्या" म्हटलं. मालकाला डिस्पॅच गाठायचा होता, म्हणून तापवणंही घाईत. तिसऱ्या दिवशी अर्थ लीकेजचा अलार्म वाजायला लागला, म्हणजे लोखंड कॉइलकडं सरकत असल्याचा इशारा. ऑपरेटर म्हणाला आप्पा, सेन्सर खराब आहे, तो नेहमीच वाजतो. नशीब माझं, मी पॉवर बंद केली आणि भट्टी पूर्ण ओतून रिकामी केली. लायनिंग फोडल्यावर बघितलं तर लोखंडाची एक जीभ, करंगळीएवढी, कॉइलपासून पाऊण इंचावर येऊन थांबलेली.

ती जीभ अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. नवीन पोरगा आला की आधी ती हातात देतो.

साखरेचा_बॉयलर

वाचताना अंगावर काटा आला, आप्पा.

आजरेकरीण

मी इतका वेळ नुसती वाचत होते. एक कडू बोलते, रागावू नका.

माझे वडील जुनी लायनिंग फोडायचं काम करायचे. ठेकेदाराकडे, ब्रेकर घेऊन भट्टीत उतरायचं. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. आई म्हणायची, पिठाच्या गिरणीत जाता का? खोकला सुरू झाला, दोन वर्षं टीबीचं औषध चाललं. मग मोठ्या गावच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, कामधंदा काय? तेव्हा कळलं, सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. धूळ थांबवणं एवढाच उपाय, आणि तो उशिरा.

तुम्ही सगळे त्या भुकटीबद्दल इतकं प्रेमानं लिहिताय. ती पोतं ओतताना उडते, फोडताना तर जास्तच. रुमाल बांधून काही होत नाही, त्यातला सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसतच नाही.

रसायनी

ताई, रागावण्यासारखं काही नाही, हे आधीच यायला हवं होतं. वापरलेल्या लायनिंगच्या तोंडाशी क्वार्ट्झचं (गारगोटीचं) क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचंच दुसरं स्फटिकरूप, झालेलं असतं, ते फुप्फुसाला निदान तेवढंच वाईट, बरेच जण जास्त वाईट मानतात. कामाच्या ठिकाणची स्फटिकी सिलिका धूळ ही कर्करोगकारक म्हणून १९९७ पासून पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्यांत, धरली आहे. फोडताना पाण्याचा फवारा, धूळ ओढणारा पंखा आणि नीट बसणारा कणगाळणीचा मास्क, एवढं तरी हवंच.

भट्टीवाला_आप्पा

आजरेकरीण ताई, खरंय. आम्ही तरुणपणी तोंडाला काही न बांधता काम केलं आणि त्याची फुशारकी मारली. माझ्याबरोबरचे दोघं आता नाहीत. आता आमच्याकडं लायनिंग फोडत नाहीत, तळाशी हायड्रॉलिक जॅक लावून अख्खं ढकलून काढतात. धूळ बरीच कमी. लहान भट्ट्यांना मात्र अजून ब्रेकरच.

उद्यम_नगरी

मिसळण्याच्या खोलीत डस्ट कलेक्टर बसवायचा विचार नुसता विचारच होता माझा. या महिन्यात कोटेशन मागवतो. इथं लिहिलंय म्हणजे आता पळ काढता येणार नाही.

नवखा_इचलकरंजी

बाळबोध प्रश्न: सिलिकाऐवजी अॅल्युमिना किंवा मॅग्नेशियाचं (मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचं) लायनिंग का नाही लावत? ते तर दोन हजार अंशाच्या वर वितळतं म्हणे.

भट्टीवाला_आप्पा

बिडाला सिलिका पुरते आणि स्वस्त पडते. पोलाद करायचं असेल, मँगनीज जास्त असेल, तर सिलिका खाल्ली जाते, तिथं अॅल्युमिना किंवा मॅग्नेशिया. नुसता वितळबिंदू बघून लायनिंग निवडत नाहीत. आत काय शिजवायचंय त्यावर भांडं ठरतं. कल्हई न केलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवतं का कोणी? आणि सिलिकाची एक सवय ध्यानात ठेव: गार भट्टी एकदम तापवायची नाही. पाचशे त्र्याहत्तर अंशाला क्वार्ट्झ अचानक फुगतं, आणि जुन्या लायनिंगमधलं क्रिस्टोबलाइट तर दोन-अडीचशेलाच. तिथं घाई केली की तडा.

खडू_फळा

मंडळी, काल सुट्टी होती, परत भावाच्या फाउंड्रीत गेलो. या वेळी मुद्दाम रॅमिंग बघायला. दोघं मिस्त्री, एक पन्नाशीचे, एक विशीतला. मास्क होते, खरं सांगतो, आजरेकरीण ताईंची पोस्ट भावाला वाचून दाखवली होती. पन्नाशीचे मिस्त्री काट्यानं खुपसताना गोल फिरत होते, एका जागी किती वेळा ते तोंडातल्या तोंडात मोजत. मधेच थांबले, मूठभर भुकटी घेतली, दाबली, सोडली. पोराला म्हणाले, "हे पोतं बाजूला." मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "हाताला गार लागलं." मीही हात घातला. मला काही फरक कळला नाही.

पहिल्या पोस्टमधला "इच्छाशक्ती" शब्द मी मागं घेतो. वीट बाहेरून येते कारण माती, कोळसा आणि गिऱ्हाईक तिकडं आहे. ती हाताला गार लागलेली मूठ मात्र इथली आहे, ती कुठल्या ट्रकमधनं येत नाही. भावाला विचारलं, मिस्त्रींच्या पोराला हे येतं का? म्हणाला, तो पुण्यात आयटीत आहे.

भट्टीवाला_आप्पा

ते मिस्त्री कोण ते ओळखलं मी. त्यांना माझा नमस्कार सांगा. त्या पोतं बाजूला टाकणाऱ्या हाताला पगार काय देतो तुमचा भाऊ, तेही विचारा एकदा.

खडू_फळा

विचारलं. तो विषय बदलून चहा मागवायला गेला.

बंबवाली

एवढा मोठा धागा वाचला, छान वाटलं. माझा प्रश्न साधा आहे: पाणी तापवायच्या बंबाची खालची वीट दरवर्षी फुटते. त्या वांकानेरच्या ढिगातल्या जुन्या दोन विटा कुणी देईल का? शाहूपुरीतनं येऊन घेऊन जाईन.

उद्यम_नगरी

काकू, चार घेऊन जा. बदल्यात गूळपोळी चालेल.

गुऱ्हाळ_आणि_मी

गूळ माझ्याकडनं. आणि हो, दोन विटा मलापण ठेवा, चुलवणाच्या तोंडाला लावून बघतो. आमच्या गुळव्याला सांगू नका फक्त.